डिझाइन बघायला कसं शिकायचं? सुरुवात घरातल्या कुकरपासून करा

एखादी वस्तू आवडली की आपण म्हणतो 'भारी आहे', 'लुक मस्त आहे', फारच झालं तर 'क्लासी', आणि विषय तिथेच संपतो. का आवडली असं कुणी विचारलं तर रंग, फिनिशिंग आणि ब्रँड यापलीकडे आपली गाडी जात नाही. यात लाजायचं काही नाही, शाळेत चित्रकलेच्या तासाला आपल्याकडून फुलदाणी काढून घेतली पण ती बघायची कशी हे कुणी सांगितलं नाही. पण हे शिकायला आर्ट कॉलेज लागत नाही, सवय लावली की कुणालाही जमतं, आणि एकदा जमलं की बँकेच्या रांगेत किंवा दवाखान्यात नंबर येईपर्यंत टाइमपासची कायमची सोय होते.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की चांगल्या वस्तूत कुणीतरी तुमच्या आधी बसून एक निर्णय घेतलेला असतो, हा माणूस इथे चुकेल, इथे घाई करेल, याला इथे दिसणार नाही, मग काय करू. तो निर्णय शोधायचा. वस्तू देखणी आहे का हे नंतर बघू. खाली पायऱ्या दिल्यात, पुढेमागे केल्या तरी चालतील, फक्त पहिली सोडू नका.

पायरी १: 'हे असं नसतं तर काय गडबड झाली असती?'

हा एकच प्रश्न पाठ करा. आणि सराव कुकरवर करा.

घरात आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असेल तर तो थंड आणि रिकामा असताना समोर घ्या. झाकण तोंडापेक्षा मोठं आहे, तरी ते आत जातं, कसं काय? तर नीट बघा, तोंड आणि झाकण पूर्ण गोल नाहीत, जरासे लांबट आहेत, त्यामुळे झाकण तिरकं करून आत सरकवता येतं, मग आतल्या आत फिरवून वर ओढलं की रिंग कडेला टेकते आणि वरून हँडल अडकवायचं. आता हा कुकर गॅसवर चढला की आतली वाफच झाकणाला खालून वर दाबते, म्हणजे कडेवर आणखी घट्ट बसवते. कुणी घाईत हँडल सोडवलं तरी झाकण निघत नाही, कारण निघायचं तर त्याला आधी खाली जायला लागतं आणि वाफ त्याला खाली येऊ देत नाही. वाफ गेली की झाकण आपोआप ढिलं. सेन्सर नाही, लाल लाइट नाही, 'सावधान' लिहिलेला स्टिकर नाही, सगळं काम नुसत्या आकाराने केलंय! हे कळलं की कुकरकडे बघायची नजरच बदलते.

पण लगेच हुरळून जाऊ नका, पुढचा प्रश्न पण विचारा, यासाठी सोडलं काय? तर नव्या माणसाला ते झाकण पटकन बसवता येत नाही, दोन-चारदा खुडबुड करावीच लागते, आणि तोंड अरुंद असल्यामुळे आत हात घालून घासताना वैताग येतो. बाहेरून बसणाऱ्या झाकणाला हे दोन्ही त्रास कमी, पण मग वाफ असताना ते उघडू नये म्हणून वेगळी व्यवस्था लावावी लागते. म्हणजे दोन्ही कुकर बरोबरच आहेत, दोघांनी वेगवेगळ्या गोष्टीची किंमत मोजलीय. 'काय मिळवलं आणि काय सोडलं' ही जोडी ज्याला दिसायला लागली त्याचं निम्मं शिक्षण झालं असं समजा.

दुसरा सराव तीन पिनांच्या प्लगवर. वरची जाड पिन अर्थिंगची, ती बाकीच्या दोघींपेक्षा लांब का असते? कारण प्लग आत घालताना अर्थिंग सगळ्यात आधी जोडलं जावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं. जाड का? चुकून करंटच्या भोकात जाऊ नये म्हणून. गीझर किंवा एसीचा १६ अँपिअरचा प्लग साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटमधे मुळात शिरतच नाही, तिथेही तोच विचार, माणसाने पाटी वाचली नाही तरी वस्तूनेच त्याला अडवावं. बऱ्याच सॉकेटमधे आतून पडदा असतो आणि तो अर्थिंगच्या पिनेनेच उघडतो, म्हणून तर आपल्याकडे दोन पिनांचा चार्जर घालायला वरच्या भोकात पेन नाहीतर स्क्रू ड्रायव्हर खुपसतात. हे करू नका हे सांगायला नकोच, पण बघा की लोक ज्या ठिकाणी जुगाड करतात तिथे डिझाइनचा काहीतरी विषय हमखास असतो, एकतर कुणीतरी केलेली सुरक्षा आपण मोडतोय नाहीतर बनवणाऱ्याने आपली गरज ओळखलीच नाहीये.

पायरी २: डोळे मिटून बघा

डिझाइन म्हणजे दिसणं असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय, ते काढायला खिशातली चिल्लर घ्या. २००७ च्या सुमारास स्टीलची नाणी आली ती आठवतायत का, एक रुपयावर अंगठा वर केलेला हात आणि दोन रुपयावर दोन बोटं? आयडिया झकास होती, ज्याला आकडे वाचता येत नाहीत त्यालाही बोटं मोजता येतात. पण एक रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि दोनचं २७, दोन्ही स्टीलची, दोन्ही गोल. खिशात हात घालून ओळखून दाखवा. त्यात २०११ ची सिरीज आली आणि तिच्यातलं दोन रुपयाचं नाणं २५ मिलिमीटरचं निघालं, म्हणजे जुन्या एक रुपयाएवढंच. अजून दोन्ही चालतात, त्यामुळे रिक्षावाले, भाजीवाले आणि कंडक्टर सगळेच नाणं उजेडात धरून बघताना दिसतात. डोळ्यांसाठी विचार केला, बोटांसाठी केला नाही. वीस रुपयाचं नाणं बारा कोनांचं केलंय ते त्या मानाने शहाणपणाचं, हाताला लगेच कळतं.

नोटांचं पण करून बघा. शंभरची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०, उंची तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा फरक डोळे मिटून ओळखणं फार अवघड आहे, म्हणून पुढच्या बाजूला कडेला तिरक्या उठावदार रेघा दिल्यात, शंभरला चार, दोनशेला चार आणि मधे दोन छोटी वर्तुळं, पाचशेला पाच. शिवाय शंभरवर उठावदार त्रिकोण आणि पाचशेवर गोल आहे. कोऱ्या नोटेवर बोट फिरवलं तर जाणवतं. आता तीच नोट भाजी मार्केटमधे वर्षभर फिरल्यावर बोट फिरवा. इथे तुमचं मत तुम्हीच बनवा, मला वाटतं लांबीत अजून फरक ठेवायला हवा होता, उठाव झिजतो, लांबी झिजत नाही.

आणि तांब्या! १९५८ मधे चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन डिझायनर जोडपं भारत सरकारच्या बोलावण्यावरून इथे आलं होतं, त्यांनी जो अहवाल दिला त्याच्या पाठोपाठ १९६१ मधे अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. देशभर फिरून त्यांना सगळ्यात जास्त भावलेली वस्तू कुठली, तर आपला तांब्या. आणि त्यांनी तांब्याची नुसती तारीफ केली नाही, प्रश्नांची मोठी यादी काढली, पाणी किती मावावं, तो धरणारा हात केवढा, डोक्यावर-कमरेवर-हातात कसा धरतात, भरलेला असताना तोल कुठे, रिकामा असताना कुठे, ओतताना धार कशी पडते, आतून घासता येतो का, भाव काय. तुम्ही पण हेच करा. घरातला तांब्या भरून, मानेला धरून ओता, बोटं आपसूक मानेच्या खाचेत बसतात आणि बाहेर वळलेल्या काठामुळे पाणी धारेने पडतं, अंगावर ओघळत नाही. मग हीच यादी पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर चालवा, आंघोळीच्या मगवर चालवा. कुठे कुठे वस्तू निरुत्तर होते ते बघा.

पायरी ३: पाकिटं वाचा, म्हणजे खरंच वाचा

इथून आपण वस्तूकडून चित्रांकडे आणि खुणांकडे येतो, ज्याला व्हिज्युअल कम्युनिकेशन म्हणतात ते. किराणा सामान आलं की फडताळात लावायच्या आधी दहा मिनिटं काढा.

बिस्किटाच्या पुड्यावर चौकटीत हिरवा ठिपका असतो तो शाकाहारी. मांसाहारीसाठी आधी तसाच गोल ठिपका होता, फक्त तपकिरी. आता अडचण बघा, ज्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, आणि अशी माणसं आपल्या आजूबाजूला असतात, त्यांना हे दोन ठिपके जवळपास सारखेच दिसणार. म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंगच्या नियमांत मांसाहारीची खूण बदलून तपकिरी त्रिकोण केली. एवढासा बदल, पण माझ्या मते अलीकडच्या काळात आपल्याकडे झालेल्या सगळ्यात समंजस डिझाइन निर्णयांपैकी हा एक आहे, कारण आता रंग गेला तरी आकार बोलतो. स्वतः तपासायचं असेल तर फोनमधे पाकिटाचा फोटो काढा आणि एडिटमधे जाऊन ब्लॅक अँड व्हाइट करा. ज्या गोष्टीचा अर्थ फोटोतला रंग काढल्यावर मरतो तिथे काम अर्धवट राहिलंय समजा. ही युक्ती नकाशांवर, एक्सेलच्या चार्टवर, शाळेच्या टाइमटेबलवर, सगळीकडे चालते.

मग औषधांचा डबा. गोळ्यांच्या काही स्ट्रिपवर लाल उभी रेघ असते, ती म्हणजे हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. अँटिबायोटिक्स लोक मनाने घेतात म्हणून २०१६ मधे आरोग्य मंत्रालयाने या लाल रेघेची मोहीम पण काढली होती. घरात चार जणांना विचारून बघा रेघेचा अर्थ काय, बहुतेक जण म्हणतील डिझाइन आहे, कंपनीचा रंग आहे. खूण स्वस्त आहे, छापायला सोपी आहे, लांबून दिसते, फक्त तिचा अर्थ लोकांपर्यंत पोचला नाही. ठिपका घरोघरी कळला आणि रेघ नाही कळली, असं का झालं असेल यावर विचार करा, मला वाटतं ठिपक्याचा उपयोग खरेदी करतानाच पडतो आणि रोज पडतो, रेघ मात्र आजारी माणसाच्या हातात येते, तेव्हा तो रेघा बघायच्या मनःस्थितीत नसतो.

त्याच स्ट्रिपवर एक्सपायरी कुठे आहे बघा. एका टोकाला. आणि मेडिकलवाला कात्रीने कापून चार गोळ्या देतो तेव्हा ते टोक कुणाकडे राहतं ते नशिबावर. आपल्याकडे गोळ्या सुट्या विकल्या जातात हे सगळ्यांना माहीत असून स्ट्रिप मात्र अख्खी विकली जाईल असं धरून छापलेली. हे चीड आणणारं आहे, पण शिकायला एकदम उत्तम उदाहरण.

गॅस सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून ए-२७ किंवा सी-२८ असं काहीतरी रंगवलेलं असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर, पुढचा आकडा वर्षाचा, तोपर्यंत सिलिंडरची पुढची तपासणी व्हायला हवी. गॅस संपायची किंवा खराब व्हायची तारीख नव्हे. गोडाऊनमधल्या माणसाला हा कोड मस्त आहे, दुरून वाचता येतो, रंग उडाला तरी एक अक्षर दोन आकडे ओळखता येतात. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला मात्र तो काहीच सांगत नाही. तर खूण चांगली की वाईट हे विचारायच्या आधी ती कुणासाठी आहे हे विचारायचं.

फ्रिजवरच्या स्टार लेबलचं थोडक्यात सांगतो, नजर स्टारवर जाते पण तुमच्या बिलाशी संबंध आहे तो खालच्या वर्षाच्या युनिटच्या आकड्याचा. स्टार त्या त्या आकाराच्या आणि प्रकाराच्या फ्रिजच्या हिशोबाने असतात, त्यामुळे मोठा पाच स्टारवाला फ्रिज छोट्या तीन स्टारवाल्यापेक्षा जास्त वीज खाऊ शकतो. लेबलवर काय मोठं छापलंय आणि काय बारीक, यावरून बनवणाऱ्याला तुमची नजर कुठे हवीय ते कळतं.

पायरी ४: स्टेशनवर जाऊन एका जागी उभे राहा

गर्दीच्या वेळी नको, दुपारी जा. आणि पाटी किती सुंदर आहे ते सोडा, माणूस कुठे थबकतो ते बघा. जिना संपतो आणि डावी-उजवी ठरवायची असते, तिथे लोक मान वर करतात. पाटी तिथे हवी. ती चार पावलं पुढे लावली असेल तर लोक चुकीकडे वळून परत येताना दिसतील, मागचे त्यांच्यावर आदळताना पण दिसतील. पाटीची जागा ही पाटीवरच्या अक्षरांपेक्षा जास्त महत्त्वाची असते हे इथे अर्ध्या तासात पटतं.

मुंबईतल्या दादर स्टेशनचं उदाहरण तर शिकवणीत लावावं असं आहे. वर्षानुवर्षं तिथे वेस्टर्न रेल्वेचा पण एक नंबरचा प्लॅटफॉर्म होता आणि सेंट्रल रेल्वेचा पण, 'एक नंबरवर भेट' म्हणालं की नवखा माणूस हमखास भलत्याच पुलावर. ९ डिसेंबर २०२३ पासून सेंट्रलचे प्लॅटफॉर्म ८ ते १४ केले, वेस्टर्नचे १ ते ७ तसेच राहिले. वीट हलली नाही, पूल वाढला नाही, फक्त आकडे बदलले आणि एक मोठा गोंधळ कागदावरच मिटला. जुन्या लोकांना सवय मोडायला लागली ती या निर्णयाची किंमत.

उलट बाजू बघायची तर सेंट्रलचा इंडिकेटर. कर्जतच्या गाडीला एस, कसाऱ्याच्या गाडीला एन. कल्याणनंतर एक लाइन ईशान्येला जाते आणि एक आग्नेयेला, त्या नॉर्थ-साउथवरून ही अक्षरं आलीत. पण स्लो गाडीला पण एसच, फास्टला एफ. म्हणजे 'एस एफ' लागलं की रोजचा माणूस निवांत, कर्जत फास्ट. नवीन माणूस म्हणतो स्लो आहे का फास्ट, काय ते एक सांगा! रोजच्या प्रवाशाला कमी जागेत पटकन वाचता येणारी भाषा हवी, पाहुण्याला सरळ नाव हवं, एका इंडिकेटरने दोघांना खूश करणं सोपं नाही हे मान्य. फर्स्ट क्लासच्या डब्यावरचे लाल-पिवळे तिरके पट्टे मात्र दोघांनाही कळतात, गाडी थांबायच्या आत.

पायरी ५: देवनागरीकडे वेगळं लक्ष द्या

ही पायरी मला स्वतःला सगळ्यात जवळची, आणि आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित. इंग्रजीत अक्षरं बहुतेक एका पट्ट्यात बसतात. आपल्याकडे वर रफार, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यामुळे दोन ओळींत जास्त जागा सोडावीच लागते. इंग्रजीच्या मापाने बसवलेला मराठी मजकूर बघा, वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत घुसलेले असतात आणि आपण म्हणतो 'बारीक आहे, वाचवत नाही'. अक्षर बारीक नसतं हो, ओळींमधे श्वास घ्यायला जागा नसते.

बॅनर आणि फॉर्मवर तीन गोष्टी शोधा. अक्षरांमधे जागा सोडलीय का, कारण तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात, इंग्रजीत जी स्टाइल वाटते ती इथे मोडतोड ठरते. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' यातला अर्धा र नीट आलाय का, का फॉन्ट बदलताना तिथे भलतंच काहीतरी उगवलंय. आणि ल, श हे मराठी वळणाचे आहेत का हिंदी वळणाचे. मराठी पाटीवर हिंदी वळणाचा ल दिसला म्हणून काही आभाळ कोसळत नाही, पण कुणी विचार केलाय का नाही ते त्यातून कळतं.

कंप्युटरवर आपण ज्यात वर्षानुवर्षं मराठी वाचलं तो विंडोजचा मंगल फॉन्ट र. कृ. जोशींनी केला, पवईच्या आयडीसीत, म्हणजे आयआयटीच्या डिझाइन विभागात, शिकवलेले मोठे सुलेखनकार. १५ जुलै २०१० ला सरकारने स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह पण त्याच आयडीसीत शिकलेल्या उदय कुमार यांचं. आणि सध्या जाहिरातींत, ॲपमधे दिसणारा मुक्ता हा फॉन्ट मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा, फुकट मिळतो. कंप्युटरवर एकच परिच्छेद मंगलमधे आणि मुक्तामधे लावून बघा, कुठला चांगला ते जाऊ दे, कुठल्यात डोळा कमी अडखळतो ते बघा.

पायरी ६: जमलं नाही तर आधी स्वतःला बोल लावू नका

चार बर्नरची शेगडी, चार नॉब एका ओळीत, मागचा डावा कुठल्या नॉबचा? दहा वर्षं तीच शेगडी वापरणारी बाईसुद्धा कधीतरी चुकीचा फिरवते आणि वर म्हणते 'माझंच लक्ष नव्हतं'. लक्ष असायलाच हवं अशी वस्तू बनवलीच का हा खरा प्रश्न. बर्नर चौकोनात आहेत, नॉब पण जरा चौकोनाच्या अंदाजाने मांडले असते तर खाली ठिपक्याठिपक्यांचं चित्र छापायची गरजच पडली नसती. एकाच वस्तूवर दहा जण सारखेच चुकत असतील तर दहाही जण वेंधळे असायची शक्यता कमी. पण पुढचा विचार पण करा, नॉब पुढे एका ओळीत ठेवले की ते स्वस्त पडतात, पुसायला सोपे, आणि भांड्याच्या आचेपासून लांब राहतात. शिव्या द्या, पण एवढं बघून द्या.

पायरी ७: फोटो काढा आणि एक वाक्य लिहा

फोनमधे एक अल्बम करा. आवडलेलं आणि वैताग आणणारं दोन्ही त्यातच टाका, वेगळं करू नका, कारण महिन्याभराने काही फोटोंबद्दल तुमचं मत बदललेलं असेल. प्रत्येक फोटोखाली एकच वाक्य, साच्यातलं चालेल: 'अमक्याकडून तमकी चूक होऊ नये म्हणून असं केलंय, त्यासाठी हे सोडलंय.' वाक्य जमत नसेल तर दोन शक्यता, तुम्हाला अजून निर्णय सापडलेला नाही किंवा निर्णय घेतलेलाच नाही, नुसती सजावट आहे. या वाक्यात 'सुंदर', 'मॉडर्न', 'प्रीमियम' हे शब्द वापरायचे नाहीत एवढा एक नियम पाळा.

विषय सुचत नसतील तर ही यादी घ्या: शाम्पू आणि कंडिशनरच्या सारख्या दिसणाऱ्या बाटल्या, चष्मा काढून बघा. एसीचा रिमोट, अंधारात. वीजबिल, त्यात 'भरायची रक्कम' सापडायला किती वेळ लागतो. लिफ्टमधली दार उघडायची आणि बंद करायची बटणं, कुणीतरी धावत येत असताना. लग्नपत्रिका, तारीख आणि हॉलचा पत्ता आजोबांना चष्म्याशिवाय दिसतो का. मेडिकलमधे किंवा स्टेशनवर फोटो काढायचा असेल तर आधी विचारून घ्या, आणि लोकांचे चेहरे येणार नाहीत असा अँगल धरा.